मोहाच्या दिवसांतले शनिवार

मोह गळायला लागला की आमच्याकडे शाळेची हजेरीही गळते. पटावर चौतीस, समोर अकरा. बाकीची पोट्टी पहाटेच टोपल्या घेऊन आईबापामागे जंगलात गेलेली असतात, कारण मोहाचं फूल उजाडता उजाडता टपटप खाली पडतं, आणि ऊन चढल्यावर जावं तर अर्धं गुरांनी आणि अर्धं अस्वलानं खाऊन टाकलेलं असतं. दहाच्या सुमारास एकेक जण वर्गात येतो. हात चिकट, केसांत पाचोळा, डोळ्यांवर झोप. त्यांच्यामागून तो वासही आत येतो, गोड, जड, जरासा आंबूस. काहींना तो वेड लावतो, काहींचं डोकं उठवतो. माझं दोन्ही होतं. मी फळ्यापाशी भागाकार शिकवत असते आणि मन उठून कुरखेड्याकडच्या माझ्या जुन्या शाळेत जाऊन बसतं.

आता मी अहेरीच्याही पुढे, जंगलातल्या एका दोनशिक्षकी शाळेत आहे. शुक्रवारी दुपारी ऑफिसातल्या क्लार्कभाऊंचा फोन आला. भला माणूस. आवाज खाली करून म्हणाले, मुख्याध्यापकांची यादी लागून राह्यली, तुमचं नाव वर हाय, आरमोरीजवळची शाळा रिकामी हाय. पण सर्व्हिस बुकात तो शेरा हाय ना मॅडम. एक अर्ज टाका. चूक झाली, पुन्हा होणार नाई, एवढंच लिवा. सोमवारपर्यंत आला तर साहेब शेरा मागे घ्यायला तयार हायत.

आरमोरीला माझी आई एकटी राहते. गुडघे गेलेत तिचे. विहिरीवर जाणं केव्हाच बंद झालं, आता अंगणातल्या नळापर्यंतही भिंत धरत जाते. त्या घरापासून मी पाऊण तासावर असेन, फक्त दोन ओळी लिहिल्या तर. तेव्हा कोणी असं समजू नये की मी बसल्या जागी शूरपणा सांगते आहे. मला ती शाळा पाहिजे. मनापासून पाहिजे.

पण त्या दोन ओळी मागणारी माणसं मी आजवर खूप पाहिलीत. सगळी भली असतात. सगळी म्हणतात, काय जाते आपलं. आणि मग मोहाचा वास येतो, आणि काय जाते ते मला लख्ख आठवतं.

जुन्या शाळेत त्या वर्षी सुरुवात भांडणानं झाली. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग होता माझ्याकडे. गाव तीन टोल्यांचं. एका टोल्यात गोंडांची घरं, एकात बौद्धांची, मधल्या गल्लीत बाकीच्यांची. मधल्या सुट्टीत एका पोट्ट्यानं प्रज्ञाला म्हटलं, तुमचा देव झोपून राह्यते. प्रज्ञा म्हणजे बौद्ध टोल्यातली, अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. तिनं सांगितलं की थो देव नाई, आन थो झोपला बी नाई, आणि एवढं सांगून पाटी त्याच्या डोक्यात घातली. रक्त आलं. मी हळद दाबली, दोघांनाही रागावले, दोघांनाही एकमेकांच्या शेजारी बसवलं. मुख्याध्यापक सर म्हणाले, लहान लेकरं हायत मॅडम, त्यांना धर्मबिर्म काय कळते.

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, सगळं कळतं. तिसरीत येईपर्यंत कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, कोणाच्या अंगणातून जाताना चप्पल हातात घ्यायची, कोणाच्या नावापुढे कसं तोंड करायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पाढे येत नाहीत, हे येतं. आपण शिकवलेलं असतं ना. फक्त पुस्तकातून नाही शिकवलं, एवढंच.

मग मी ठरवलं की शिकवायचंच तर नीट शिकवू. शनिवारी सकाळची शाळा असते. दर शनिवारी एका ठिकाणी जायचं, आत बसायचं, तिथल्या माणसाशी बोलायचं, परत यायचं. पाया पडायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी स्वतः कुठेच हात जोडत नाही. माझे बाबा सांगायचे, कोणाच्या देवापुढे वाकायची गरज नाही, पण चप्पल बाहेर काढून उभं राहायला कोणाचं काही बिघडत नाही. तेवढ्या शिदोरीवर मी निघाले.

पहिल्या शनिवारच्या आधी मी पोरांना चित्र काढायला सांगितलं. आपापल्या देवाचं घर काढा. प्रज्ञानं हरकत घेतली, तिला म्हटलं तू विहार काढ. कोणी मारोतीचं देऊळ काढलं, कळसावर झेंडा लावून. कोणी टीव्हीत पाहिलेलं मोठं संगमरवरी मंदिर काढलं. सोमारी हलामीनं तीन झाडं काढली होती, खाली पाचसहा दगड, आणि दगडांवरून चालणाऱ्या मुंग्या. बस्स. सोमारी चौथीतली, बोलायला कंजूष, मराठी तिची दुसरी भाषा. मी त्या चित्राकडे किती वेळ पाहिलं असेल? लाल पेन हातात होता, पुढे तीस वह्या पडल्या होत्या. मी लिहिलं, अपूर्ण. घर कुठे आहे? आणि खाली दहापैकी चार. पुढची वही उघडली.

मारोतीच्या देवळाकडे निघालो त्या सकाळी पोरांच्या हातात काहीतरी होतं. देवाच्या जागी रिकाम्या हातानं जात नाहीत, हे तिथल्या प्रत्येक घरात शिकवतात. मीच म्हटलं होतं, जे फूल मिळेल ते आणा. आता मार्चच्या महिन्यात त्या गावात फूल कोणतं मिळणार? प्रत्येकाच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण आणि द्रोणात त्याच सकाळी वेचलेला मोह. पिवळसर, रसानं फुगलेला. मला हसू आलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण ते कशाबद्दल, हे मला पुढे कळायचं होतं.

देवळाच्या पायरीपाशी प्रज्ञाची आई उभी होती. शेतावर निघालेली, डोक्यावर टोपली, हातात विळा. म्हणाली, "मॅडम, माई पोरगी इथी काऊन नेता? माया सासूले या पायरीवर उभं राहू देत नवते. आता तुमी कौतुकानं नेऊन राह्यले."

बाई खोटं बोलत नव्हती. माझ्या आजीची गोष्टही तीच, फक्त गाव दुसरं. मी म्हटलं, म्हणूनच नेते. तिला कोणी आत ये म्हणायची वाट पाहायची सवय लागू नये. नाही आवडलं तर बाहेर येऊन सांगेल की. प्रज्ञाच्या आईनं टोपली खाली ठेवली आणि आम्ही बाहेर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, विळ्यासकट. पुजाऱ्यानं सगळे द्रोण घेतले, मारोतीच्या पायाशी ठेवले. दुपारपर्यंत तिथे मुंग्यांची रांग लागली होती म्हणतात. प्रज्ञा बाहेर येऊन आईला म्हणाली, आत अंधार हाय आन तेलाचा वास येते. आई हसली आणि शेतावर गेली.

दुसरा शनिवार विहाराचा. तिथे माझाच जीव टांगणीला, कारण पुन्हा तेच द्रोण, तोच मोह, आणि समोर पंचशील. दारू पिणार नाही हे ज्या जागी रोज म्हणायचं तिथे दारूचंच फूल घेऊन तीस पोरं उभी. प्रज्ञाची आजी विहाराचं सगळं पाहायची. झाडणं, मेणबत्ती, फुलं. पांढरं लुगडं नेसून दारात आली, द्रोणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं पोरांना ओळीनं बसवलं, पाचही शीलं म्हणून घेतली, पाचवं दोनदा. मग एकेक द्रोण उचलून बुद्धापुढे ठेवत म्हणाली, "फूल तं फूल हाय. त्याची दारू मानूस करते."

मी इतकी वर्षं शाळेत व्यसनमुक्तीची भाषणं ऐकली आणि दिली. यापेक्षा बरं कोणी बोललेलं मला आठवत नाही.

मशीद आणि चर्च तालुक्याच्या गावी, म्हणून तिसऱ्या शनिवारी दोन्ही एकदम. सकाळची एसटी. अर्ध्या पोरांनी मशीद फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिली होती. मौलवीसाहेब आमच्याच जिल्ह्यातले, बोलणं आमच्याहून जास्त झाडीबोलीचं. त्यांनी आधी हातपाय धुवायला लावले. तिथे नळांची एक रांग होती आणि प्रत्येक नळाला पाणी. आमच्या शाळेतला हातपंप वर्षातून चार महिने कोरडा. पोरं नळ सोडेनात, मोहानं चिकटलेले हात घासून घासून धुतले. द्रोण पाहून मौलवीसाहेब थोडे थांबले. मग एक फूल उचलून वास घेतला, म्हणाले, आमच्या अम्मी हे वाळवून शिऱ्यात टाकत. द्रोण त्यांनी बाहेरच्या ओट्यावर सावलीत नीट मांडून ठेवले. आत एवढी मोठी खोली आणि त्यात काही नाही. मूर्ती नाही, फोटो नाही. एकानं विचारलं, देव कुठी हाय? ते म्हणाले, तो दिसत नाही, म्हणून त्याची मूर्ती नाही. सोमारी बराच वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत होती. माझ्या साडीचा पदर ओढून हळूच म्हणाली, आमच्यासारखंच हाय. मी म्हटलं, हो का, चल, रांगेत चल.

चर्च म्हणजे पत्र्याचं छत असलेली लांबट खोली. सिस्टरनी मोह काचेच्या पेल्यात पाणी घालून टेबलावर ठेवला आणि पोरांना एक गाणं शिकवलं. पोरांना मात्र गाण्यापेक्षा बाकं आवडली. आमच्या शाळेत सगळे जमिनीवर बसतात. परतीच्या एसटीत पोरं झोपली, एकमेकांवर कलंडून, मारोतीवाली प्रज्ञावर आणि प्रज्ञा सोमारीवर. ज्याच्या डोक्यात पाटी घातली होती तो प्रज्ञाची पाण्याची बाटली सांभाळत बसला होता. मला वाटलं, झालं आपलं काम.

आठवडाभरात नोटीस आली. कारणे दाखवा. गंमत बघा, तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही वेगळ्या हातच्या. एक म्हणे, ही बाई बौद्ध आहे आणि पोरांना बौद्ध करते. दुसरी म्हणे, ही चर्चकडून पैसे घेते. तिसरी म्हणे, दारूची फुलं मशिदीत नेऊन भावना दुखावल्या. ज्यांच्या भावना दुखावल्या म्हणायच्या त्या मौलवीसाहेबांनी तर दुसऱ्याच दिवशी पोरांसाठी खजूर पाठवले होते. एका महिन्यात एका बाईनं तीस पोरांना दोन धर्मांत ओढलं आणि तिसरा दुखावला, तेही सकाळच्या शाळेत, पोषण आहार सांभाळून. माझा पगार वाढवायला पाहिजे होता. उलट लिहिलं होतं, आठ दिवसांत माफीनामा द्या आणि पुन्हा असं करणार नाही अशी हमी द्या.

सर म्हणाले, दोन ओळी लिहून टाका ना मॅडम, काय जाते आपलं. ते घाबरले होते, त्यांचं रिटायरमेंट जवळ आलं होतं, मी त्यांना दोष देत नाही. पण मी म्हटलं, सर, मी चूक केली नाही. त्या दिवशी हे मी किती ताठ मानेनं म्हटलं ते आठवून आजही मला कानकोंडं होतं.

मी ग्रामसभेत गेले. आमच्या बाजूला ग्रामसभा म्हणजे नुसती सहीची वही नाही. बांबू कोणी तोडायचा, तेंदूपत्ता कोणाला द्यायचा, सगळं गाव बसून ठरवतं. हात वर करून मोजायची पद्धत नाही. सगळे हो म्हणतील तरच हो. एक जरी नाही म्हणाला तर पुन्हा बोलायचं, पुन्हा बसायचं, तो का नाही म्हणतो ते ऐकायचं. शाळेच्या बाजूनं ठराव मिळाला असता तर माझ्या पाठीशी गाव उभं आहे हे मी लिहू शकले असते. गोटुलापुढच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरापुढच्या अंगणात सगळे जमले. बाजूला चटयांवर मोह वाळत होता, तांबूस झालेला, मनुकांसारखा. मी नोटीस वाचून दाखवली. पुजारी माझ्या बाजूनं बोलला. प्रज्ञाची आई बोलली, तिचं ऐकून तर मला भरून आलं. एकेक जण हो म्हणत गेला.

सर्वांत शेवटी दसरूआबाजी. सोमारीचा आजा. गावचा भुमक, म्हणजे गोंडांच्या देवाची पूजा त्याच्या हाती. चिलीम खाली ठेवून म्हणाला, माई ना हाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, गेला, यालाही कोणीतरी फोडला. नातीला मी एसटीतून सांभाळून आणलं आणि हा म्हातारा असा उलटला.

आबाजीनं कमरेच्या पिशवीतून वहीतला घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. तीन झाडं, दगड, मुंग्या. कोपऱ्यात माझं लाल अक्षर.

"हे तुमीच लिवलं ना?"

मी हो म्हटलं.

"मी अडाणी मानूस. नातीले इचारलं, काय लिवलं मॅडमनं? थे म्हणे, आबाजी, आपलं अर्धं हाय."

मग त्यानं सांगितलं, कोणावर आवाज न चढवता. नवा मोह वेचायला हरकत नाही, पण पंडुम होईपर्यंत तो कोणी तोंडात घालत नाही, विकत नाही, कोणाला देत नाही. पंडुम म्हणजे नव्या फुलाफळाचा सण. पहिला मान पेनाचा, म्हणजे देवाचा. पेनठाण्यात पेनाला दाखवला की मग गावाचा. हे गोंडाच्या घरात चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. सोमारीलाही माहीत होतं. आणि त्या वर्षी गोंडांच्या सगळ्या पोरांनी पहिला मोह मारोतीला दिला, बुद्धाला दिला, मशिदीत दिला, चर्चमध्ये दिला. आपल्या पेनाला अजून एक फूल नाही. असं गावात कधी झालं नव्हतं.

"मी तिले इचारलं, बाई, तुले माईत होतं, मंग काऊन नेला? थे म्हणे, आपली जागा मॅडम मोजतच नाईत."

माझ्यावर तीन तक्रारी होत्या आणि तिन्ही खोट्या होत्या. ही चौथी खरी होती, आणि ती कोणी ऑफिसात केली नव्हती. सोमारी अंगणाच्या कडेला बायकांमध्ये बसली होती. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मशिदीच्या रिकाम्या भिंतीपुढे तिनं पदर ओढून मला काय सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. देवाला भिंती नसतील तर मी तो यादीत घेतला नव्हता. ज्या पायरीवरून माझ्या आजीला हाकललं, त्याच कुठल्यातरी पायरीवर उभी राहून मी नऊ वर्षांच्या पोरीला दहापैकी चार दिले होते. लाज वाटली.

मी उठले. म्हटलं, "आबाजी, चूक माझी झाली. सोमारी, तुझं चित्र पूर्ण होतं. मलाच पाहता आलं नाही."

अख्ख्या गावापुढे म्हटलं, माझ्या विद्यार्थ्यांपुढे म्हटलं. आकाश काही कोसळलं नाही. सोमारीला विचारलं, आता मी काय करू? ती म्हणाली, तिथी येऊन पाहा. आबाजीनं चिलीम उचलली, दोन झुरके घेतले आणि आपली ना मागे घेतली.

पंडुमच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. तिन्ही टोल्यांची पोरं. गावाबाहेर ओढा ओलांडला की चपला काढायच्या. तिथून पुढे काही तोडायचं नाही, खाली पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही, म्हणून तिथली झाडं अशी माजलेली की कवेत मावत नाहीत. पायांखाली पाचोळा, थंड माती, वर कोवळी तांबडी पालवी. तीन मोठी झाडं, खाली दगड. दगडांवरून खरंच मुंग्या चालल्या होत्या. कोणी कोणाला गप्प बसा म्हटलं नाही, तरी सगळी गप्प होती. माझ्या वर्गात मला हे आजवर जमलेलं नाही.

आबाजी दगडांपुढे बसून गोंडीत बराच वेळ बोलला. प्रार्थना नव्हती ती, घरातल्या मोठ्या माणसाला काहीतरी समजावून सांगावं तसं बोलणं चाललं होतं. मी सोमारीला विचारलं, काय म्हणते? तिनं कानात सांगितलं, थो सांगून राह्यला का पोरांनी आधी दुसऱ्यांच्या देवाले देल्लं, तू राग नको धरू, पाहुण्याले आधी वाढते, घरचे मागून जेवते.

मी हात जोडले नाहीत. पण डोळे कोरडे राहिले असं म्हणणार नाही.

प्रज्ञानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा प्रश्न आलाच. छप्पर नाही, मग पाऊस आला तर देव काय करतो? सोमारी म्हणाली, भिजते. प्रज्ञाला ते पटलं. मग सगळ्यांना नवा मोह वाटला, तव्यावर भाजलेला, एकेक मूठ, आणि त्या वर्षीचा मोह पहिल्यांदा गावाच्या तोंडात गेला.

आठव्या दिवशी मी खुलासा लिहिला. माफी मी मागितली होती, पण ज्यांची मागायची त्यांची. ऑफिसची मागायला माझ्याजवळ काही चूक उरली नव्हती. तेच लिहिलं, जरा सभ्य शब्दांत. हमीच्या जागी लिहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा नेणार आहे, परवानगी असावी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला, सह्यांपेक्षा अंगठे जास्त. महिन्याभरात बदली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि सर्व्हिस बुकात शेरा.

आठ वर्षं झाली. या गावात माडिया पोरं आहेत, तेलुगू बोलणारी आहेत. इथेही मार्चमध्ये वर्ग ओस पडतो आणि इथेही शनिवारी आम्ही निघतो. फरक एवढाच की आता यादी मी करत नाही. पोरं सांगतात कुठे जायचं, आणि चप्पल कुठून काढायची तेही तीच सांगतात. एकदा एका पोरीनं मला तिच्या आजाच्या स्मृतीत उभ्या केलेल्या दगडापाशी नेलं आणि म्हणाली, इथं बसा, बोलू नका. मी बसले. नोटीस अजून आली नाही. येईल तेव्हा येईल.

काल रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, दे ना व लिहून दोन ओळी, माई पोर जवळ येईल. तिचा आवाज ऐकून माझा जीव कळवळला. मी तिला म्हटलं, आई, दोन ओळी लिहीन, पण त्या नाही. ती म्हणाली, तुया बाबाचीच हायस, आणि गुडघ्याला कोणतं तेल लावते ते सांगत बसली. जवळ ये असं पुन्हा म्हणाली नाही. ते म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

आज सोमवार. सकाळी शाळेत बसून अर्ज लिहिला. त्याआधी सर्व्हिस बुकाच्या प्रतीत तो शेरा पुन्हा एकदा वाचला. लिहिलं आहे, विद्यार्थ्यांना विनापरवानगी चार धर्मस्थळांच्या भेटीस नेल्याबद्दल सक्त समज देण्यात आली. इतकी वर्षं मी त्यातल्या सक्त समज या शब्दांवरच जळत होते. आज पहिल्यांदा नीट वाचलं. देऊळ, विहार, मशीद, चर्च. पेनठाण्याची भेट त्यांना माहीत होती, माझ्या खुलाशात सगळं लिहिलेलं होतं. पण तिथे इमारत नाही. म्हणून मोजलं नाही.

अर्जात विषय टाकला, सेवापुस्तकातील नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत. खाली लिहिलं की सदर नोंदीत चार धर्मस्थळे असा उल्लेख आहे तो चुकीचा आहे. पाचवे धर्मस्थळ गावाचे पेनठाणे असून त्यास भिंती व छप्पर नाही, तरी ते धर्मस्थळ आहे. नोंद दुरुस्त करून मिळावी. सही केली, फोटो काढला, पाठवून दिला.

अर्ध्या तासात क्लार्कभाऊंचा फोन. बिचारे हादरले होते. "मॅडम, हे काय लिवलं? अशानं तं शेरा कायमचा पक्का होते."

"होऊ द्या भाऊ," मी म्हटलं, "पण पाच लिहा."